गाठीची रसद आणि गुंजणारे बुडबुडे

कर्करोगाची गाठ कितीही झपाट्याने वाढणारी असली, तरी तिच्यातील प्रत्येक पेशीला ऑक्सिजन जवळच्या एखाद्या रक्तवाहिनीतूनच मिळवावा लागतो, आणि ऊतींमधून झिरपत जाणारा हा ऑक्सिजन साधारणपणे १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पुढे, म्हणजे मिलिमीटरच्या दशांश-पंचमांश भागापलीकडे, पोहोचत नाही. बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलेला सिद्धांत याच मर्यादेवर उभा होता. गाठीला एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे व्हायचे असेल, तर तिला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावाव्या लागतात, आणि हे काम ती आसपासच्या निरोगी वाहिन्यांना रासायनिक संकेत पाठवून करून घेते. म्हणून ही नववाहिनीनिर्मिती रोखता आली तर गाठ उपाशी राहील, असे फोकमन यांचे म्हणणे होते. त्या काळी कर्करोगाचा विचार प्रामुख्याने बेबंद विभागणाऱ्या पेशींभोवतीच फिरत असल्यामुळे, पेशी सोडून त्यांना रसद पुरवणाऱ्या नळ्यांवर चाल करण्याची ही कल्पना कित्येक वर्षे संशयानेच पाहिली गेली.

गाठीने घाईघाईने उभारलेल्या या वाहिन्या निरोगी वाहिन्यांसारख्या नसतात. निरोगी ऊतीत रोहिणीचे फाटे क्रमाक्रमाने बारीक होत जातात, केशवाहिन्यांचे जाळे पेशींपर्यंत पोहोचते आणि तेथून रक्त नीलांमध्ये गोळा होते. वाहिनीच्या आतले अस्तर म्हणजे अंतःस्तराच्या चपट्या पेशींचा एकसंध थर, आणि त्याला बाहेरून आधार देणाऱ्या पेशींचे वेष्टण असते. गाठीतील वाहिन्या मात्र शहराच्या आराखड्याबाहेर रातोरात उभ्या राहिलेल्या वस्तीतील नळजोडण्यांसारख्या असतात: कुठे फुगलेल्या, कुठे चिमटलेल्या, वाटेल तेथे एकमेकींत घुसलेल्या आणि जागोजागी गळणाऱ्या. त्यांच्या अस्तरात फटी असतात आणि बाहेरचे वेष्टण विरळ किंवा गायबच असते. गळतीमुळे गाठीच्या आतला द्रवदाब वाढतो आणि तो वाढल्यामुळे रक्तातून आत जाऊ पाहणारे औषध दाराशीच अडते. गाठीचा काही भाग रक्ताने तुडुंब असतो, तर लगतचाच दुसरा भाग ऑक्सिजनवाचून तगून असतो.

या कमकुवत रचनेचा फायदा घ्यावा कसा, यावर वैद्यकात दोन परस्परविरुद्ध मते तयार झाली. एका मतानुसार वाहिन्या तोडाव्यात. हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८३ मध्ये गाठीतून पाझरणारा, वाहिन्या गळक्या करणारा एक घटक वर्णिला होता, आणि १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीतील नापोलिओने फेरारा यांनी वेगळ्या मार्गाने ओळखलेला वाहिनीवर्धक घटक, ज्याला व्हीईजीएफ म्हणतात, हा तोच निघाला. त्याला निष्प्रभ करणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००४ साली आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. दुसरे मत राकेश जैन यांचे. आयआयटी कानपूरमधून रासायनिक अभियांत्रिकी शिकून पुढे बोस्टनमध्ये संशोधन करणाऱ्या जैन यांनी २००१ मध्ये असे सुचवले की अशा औषधांचा खरा उपयोग वाहिन्या नष्ट करण्यात नसून त्यांना काही काळ ताळ्यावर आणण्यात आहे, कारण वाहिनी थोडी सुधारली की द्रवदाब उतरतो, ऑक्सिजन आत जातो आणि त्यापाठोपाठ केमोथेरपीचे औषधही आत जाते. ध्वनी आणि बुडबुड्यांची पुढील हकीकत समजून घेताना हा मतभेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण तोच वाद येथे पुन्हा उभा राहतो. फरक इतकाच की औषधाच्या बाबतीत तो दोन शास्त्रज्ञांच्या भूमिकांमधला होता, आणि बुडबुड्याच्या बाबतीत तो एकाच यंत्राच्या दाब वाढवण्याच्या बटणावर येऊन ठेपतो.

बुडबुडे वैद्यकात आले ते उपचारासाठी नव्हे, तर चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला २०,००० कंपनांहून अधिक वारंवारतेच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. सोनोग्राफीत ही वारंवारता सामान्यतः दहा लाख ते दीड कोटी कंपनांच्या, म्हणजे १ ते १५ मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान असते. हा ध्वनी ऊतींच्या सीमांवरून परततो आणि त्या प्रतिध्वनींतून चित्र घडते, परंतु रक्त मात्र त्याला फारसा प्रतिध्वनी देत नाही, त्यामुळे वाहिन्या काळ्या दिसतात. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रॅमिएक आणि प्रवीण शहा यांनी १९६८ मध्ये असे नोंदवले की हृदयाजवळ नळीवाटे द्रव टोचला असता प्रतिध्वनींचा एकाएकी ढग उमटतो. द्रवासोबत गेलेले हवेचे बारीक बुडबुडे त्याला कारणीभूत होते. तेव्हापासून असे बुडबुडे मुद्दाम बनवण्याची खटपट सुरू झाली. अडचण ही होती की साध्या हवेचा सूक्ष्म बुडबुडा रक्तात पाहता पाहता विरघळतो. १९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अल्ब्युनेक्समध्ये प्रथिनाच्या कवचात हवाच होती आणि ती फार काळ टिकत नसे. पुढच्या पिढीत रक्तात सहज न विरघळणारे जड वायू आले. ऑप्टिसन आणि डेफिनिटी यांत ऑक्टाफ्लुओरोप्रोपेन, तर युरोपात २००१ साली आलेल्या सोनोव्ह्यूमध्ये सल्फर हेक्झाफ्लुओराइड हा वायू असतो. डेफिनिटी आणि सोनोव्ह्यूचे कवच पेशीपटलातील मेदासारख्याच फॉस्फोलिपिडच्या थराचे असते. सोनोव्ह्यूच्या एका मिलिलिटरमध्ये १० ते ५० कोटी बुडबुडे असतात आणि त्यांचा सरासरी व्यास अडीच मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या सुमारे एकतृतीयांश असतो. ते शिरेवाटे टोचले की फुप्फुसातील केशवाहिन्यांतून सुखरूप पार होऊन सर्व शरीरात फिरतात आणि काही मिनिटांत त्यांतील वायू श्वासावाटे बाहेर पडतो.

उपचाराच्या दृष्टीने या आकारातच सारे मर्म आहे. औषधाचा रेणू गाठीतील वाहिन्यांच्या फटींतून बाहेर झिरपू शकतो; बुडबुडा सहसा झिरपत नाही, तो वाहिनीच्या पोकळीतच राहतो. त्यामुळे त्याच्या हातून जे काही घडेल ते सर्वप्रथम अंतःस्तराच्या पेशीवर घडते. शिवाय ध्वनीचा झोत गाठीवर केंद्रित करता येतो, म्हणून शरीरभर बुडबुडे फिरत असले तरी ते कामाला लागतात फक्त झोताच्या टप्प्यात. लक्ष्य दोन्ही बाजूंनी असे आवळता येणारी साधने वैद्यकात फारशी नाहीत.

झोतात सापडल्यावर बुडबुडा काय करतो, याचे उत्तर एका वरवर असंबद्ध वाटणाऱ्या अभ्यासात आहे. डच शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली वाहत्या पाण्याच्या खळखळाटाचे गणित मांडले आणि दाखवून दिले की हा आवाज पाण्यात अडकलेले हवेचे बुडबुडे काढतात. प्रत्येक बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत आपल्या आकारानुसार ठरलेल्या स्वरात गुंजतो आणि जितका तो लहान तितका स्वर उंच. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा स्वर सेकंदाला सुमारे ३,२६० कंपनांचा, म्हणजे सहज ऐकू येणारा असतो. तेच सूत्र एक मायक्रोमीटर त्रिज्येपर्यंत खाली नेले की वारंवारता हजारपट होऊन तीन मेगाहर्ट्‌झच्या घरात जाते. पृष्ठताण आणि कवचाचा ताठरपणा धरला तर हा आकडा आणखी वर सरकतो, पण राहतो तो सोनोग्राफीच्या पट्ट्यातच. केशवाहिनीतून सुरळीत जाण्यासाठी बुडबुडा जेवढा लहान हवा, तेवढ्याच आकाराचा बुडबुडा वैद्यकीय ध्वनीच्या वारंवारतेला सर्वाधिक जोमाने साथ देतो. वस्तूच्या स्वाभाविक वारंवारतेशी बाहेरून येणारा कंप जुळल्यावर तिचे कंपन भरमसाट वाढणे म्हणजे अनुस्पंदन. येथे ते कोणी योजून आणलेले नाही, केशवाहिनीचे माप आणि ध्वनीयंत्राची वारंवारता ही दोन वेगळ्या कारणांनी ठरलेली परिमाणे योगायोगाने जुळून आली आहेत, आणि हे संपूर्ण क्षेत्र त्या योगायोगावर उभे आहे.

ध्वनीदाबाखाली बुडबुड्याच्या अशा वागण्याला कॅव्हिटेशन म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार मानले जातात. दाब माफक असेल तर बुडबुडा न फुटता तालात फुगतो आणि आक्रसतो. या स्थिर कॅव्हिटेशनमुळे त्याच्या भोवतीच्या रक्तात सूक्ष्म भोवरे फिरू लागतात, त्यांचा घासता ताण अंतःस्तरावर पडतो, पेशीपटलात क्षणिक छिद्रे पडतात आणि दोन पेशींमधले सांधे सैल होतात. दाब वाढवला की बुडबुडा मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतो आणि मग आजूबाजूच्या द्रवाच्या जडत्वामुळे इतक्या वेगाने कोसळतो की आघाततरंग आणि द्रवाच्या सुईसारख्या धारा निर्माण होतात. हे जडत्वीय कॅव्हिटेशन. याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये केले तेव्हा समोर प्रश्न होता तो आगबोटींच्या पंख्यांचा, कारण पाण्यातील पोकळ्या कोसळून पंख्यांचे धातूही खरवडून निघत. जी क्रिया धातू झिजवते ती अडीच-तीन मायक्रोमीटरच्या मापात केशवाहिनीच्या भिंतीलगत घडली तर काय होईल, याचा अंदाज करणे कठीण नाही. निदानासाठीच्या यंत्रांवर म्हणूनच यांत्रिक निर्देशांकाची मर्यादा असते: ध्वनीतरंगातील सर्वांत मोठा ऋणदाब मेगापास्कलमध्ये घेऊन त्याला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेच्या वर्गमुळाने भागले की हा निर्देशांक मिळतो आणि तो १.९ च्या वर जाऊ नये असा अमेरिकी नियम आहे. बुडबुडे टोचलेले असताना मात्र याहून पुष्कळ कमी निर्देशांकालाही त्यांची उलथापालथ सुरू होते.

वाहिन्या तोडण्याच्या बाजूने झालेल्या आरंभीच्या प्रयोगांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अँड्र्यू वुड, चंद्रा सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम महत्त्वाचे ठरते. त्यांनी उंदरांमधील मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेतील रंगपेशींच्या कर्करोगाच्या, गाठींवर फिजिओथेरपीत वापरल्या जाणाऱ्या तीव्रतेचा ध्वनी दिला आणि गाठींतील रक्तप्रवाह लक्षणीय घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध केले. आखडलेला खांदा किंवा दुखरा गुडघा घेऊन फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या कोणालाही जेल लावून फिरवली जाणारी ती दांडी परिचयाची असते. तिच्या जातीच्या ध्वनीने गाठीच्या वाहिन्या फाटाव्यात आणि निरोगी वाहिन्या बव्हंशी टिकाव्यात, यावरून भिंतीच्या मजबुतीतला फरक किती मोठा आहे हेच दिसते. सतत ध्वनीने ऊती तापतातही, त्यामुळे अशा प्रयोगांत यांत्रिक परिणाम कोणता आणि उष्णतेचा कोणता, हे निवडून काढावे लागते. त्याहून मोठी अडचण कडेची. गाठीचा मध्य रक्तावाचून मरतो, पण बाहेरची किनार शेजारच्या निरोगी वाहिन्यांवर पोसली जाते, तगून राहते आणि तेथूनच गाठ पुन्हा वाढते. वाहिन्या उद्ध्वस्त करणाऱ्या औषधांच्या वाट्यालाही नेमकी हीच निराशा आली होती. म्हणजे नुसते वाहिन्या तोडणे पुरेसे नाही; त्याला जोडीदार हवा.

किरणोपचार हा जोडीदार निवडणे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. एल. एच. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले होते की ऑक्सिजन कमी असलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. तेवढाच परिणाम साधायला मात्रा अडीच ते तीन पट लागते. मग आधी वाहिन्या बिघडवून गाठीचा ऑक्सिजन तोडायचा आणि नंतर तिच्यावर किरण सोडायचे, यात शहाणपण ते कोणते? याचे उत्तर किरण नेमके कोणाला मारतात या प्रश्नाच्या फेरविचारातून आले. रूढ समजूत अशी की किरण गाठीच्या पेशीतील डीएनए तोडतात आणि तेवढ्यावर काम होते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील रिचर्ड कोलेस्निक आणि झ्वी फुक्स यांच्या गटाने २००३ मध्ये असे मांडले की एका वेळच्या मोठ्या मात्रेत, सुमारे ८ ते १० ग्रेच्या पुढे, अंतःस्तराच्या पेशी आधी मरतात आणि त्यांचे मरण गाठीचे भवितव्य ठरवते. (ग्रे हे किरणमात्रेचे एकक त्याच शास्त्रज्ञाच्या नावाचे, नेहमीच्या किरणोपचारात दररोज सुमारे २ ग्रे दिले जातात.) हे मरण डीएनएमार्गे येत नाही. पेशीपटलातील स्फिंगोमायलिन या मेदाचे विघटन करणारे एक विकर चेतते, त्यातून सिरॅमाइड तयार होते, आणि सिरॅमाइड हा पेशीला स्वतःच स्वतःचा शेवट करण्याचा संकेत असतो. अंतःस्तराच्या पेशींमध्ये हे विकर मुबलक असते. या मांडणीवर किरणोपचाराच्या क्षेत्रात बरीच वादावादी झाली आणि ती पुरती मिटलेली नाही.

टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयातील ग्रेगरी झार्नोटा यांच्या गटाने यातून एक सरळ तर्क काढला: विकर पेशीपटलाशी निगडित आहे आणि बुडबुडा पेशीपटलालाच हिसके देतो, तर मोठ्या किरणमात्रेचे काम बुडबुडे आगाऊ करून ठेवू शकतील. माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी रुजवलेल्या उंदरांना त्यांनी आधी बुडबुडे आणि ध्वनी दिला व पाठोपाठ किरणांची एकच मात्रा दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकत्रित उपचाराने पेशींचे मरण दहापटीहून अधिक वाढल्याचे आढळले आणि या वाढीमागे अंतःस्तरातील सिरॅमाइडची साखळी असल्याचेही दाखवले गेले. ग्रे यांचा निष्कर्ष येथे खोटा ठरत नाही, तो वेळेच्या हिशेबात बाजूला सारला जातो: किरण पडतात तेव्हा गाठीत ऑक्सिजन अजून पुरेसा असतो, अंतःस्तर मात्र आधीच खिळखिळा झालेला असतो, आणि वाहिन्या ढासळतात त्या किरण पडून गेल्यानंतरच्या तासांत. क्रम उलटला किंवा मध्ये बराच वेळ गेला तर तोच उपचार उलटू शकतो. सनीब्रुकमध्ये हा क्रम आता स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर, एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली ध्वनी केंद्रित करून, पहिल्या टप्प्यात तपासला गेला आहे. उपचार सोसवतो असे त्यातून दिसले, पण तुलनेसाठी समांतर गट नसल्यामुळे गाठी आक्रसल्या त्यात बुडबुड्यांचा वाटा किती हे त्यावरून ठरत नाही. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातील चाचणी या बाबतीत अधिक काटेकोर आहे. यकृताच्या कर्करोगात गाठीच्या रोहिणीतून किरणोत्सारी यट्रियमचे सूक्ष्म मणी सोडण्याचा उपचार रूढ आहे. तेथे रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून एका गटाला त्या मण्यांबरोबर बुडबुडे फोडण्याची सत्रेही देण्यात आली, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक निष्कर्षांत त्या गटाचा प्रतिसाद अधिक चांगला होता.

आता उलट बाजू. नॉर्वेतील बर्गेन येथे स्पिरोस कोटोपौलिस आणि गेओर्ग डिम्चेव्हस्की यांच्या गटाने दाब मुद्दाम कमी ठेवला, कारण त्यांना वाहिन्या तोडायच्या नव्हत्या, औषधासाठी उघडायच्या होत्या. स्वादुपिंडाचा कर्करोग हा दाट तंतुमय ऊतींनी वेढलेला आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असलेला, त्यामुळे औषध आत शिरणे विशेष कठीण. शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या १० रुग्णांना जेमसिटाबिन या नेहमीच्या औषधानंतर सोनोव्ह्यू टोचून, सर्वसाधारण निदानयंत्राचाच ध्वनी स्वादुपिंडावर देण्यात आला. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत आयुर्मानाचा मध्यांक ८.९ महिन्यांवरून १७.६ महिन्यांवर गेल्याचे दिसते. आकडा उमेद देणारा आहे, आणि म्हणूनच तो जपून वाचायला हवा: ८.९ महिन्यांचा गट म्हणजे त्याच रुग्णालयात पूर्वी केवळ औषध घेतलेल्या रुग्णांच्या नोंदी, आणि जुन्या नोंदींशी केलेली तुलना वैद्यकात अनेकदा फसवी ठरलेली आहे. दहा रुग्णांवरून सुरक्षितता कळते, गुणकारिता नव्हे.

वाहिनी उघडण्याचा याहून नाजूक प्रयोग मेंदूत झाला. तेथील वाहिन्यांचे अस्तर इतके घट्ट सांधलेले असते की बहुतेक औषधे रक्तातून मेंदूत जाऊच शकत नाहीत. कुल्लेर्व्हो ह्यूनिनेन यांनी २००१ मध्ये सशांवर दाखवून दिले की बुडबुडे आणि केंद्रित ध्वनी यांनी हा अडसर काही तासांपुरता उघडून पुन्हा मिटू देता येतो, आणि २०१५ मध्ये सनीब्रुक येथे मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर हे तंत्र वापरण्यात आले.

निदानाकडे वळलेली एक शाखा येथे नोंदवून पुढे जाणे पुरे. बुडबुड्याच्या कवचावर वाहिनीवर्धक घटकाच्या ग्राहकाला चिकटणारा रेणू बसवला तर बुडबुडा नव्या वाहिन्यांनाच जाऊन बिलगतो. बीआर५५ नावाच्या अशा बुडबुड्यांची स्तन आणि अंडाशयाच्या गाठी असलेल्या स्त्रियांवरील पहिली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत २०२३ साली यकृताच्या गाठींसाठी मान्यता मिळालेल्या हिस्टोट्रिप्सीशी मात्र या सगळ्याची गल्लत करू नये. त्या तंत्रात बुडबुडे टोचले जात नाहीत. प्रचंड दाबाच्या अतिशय आखूड स्पंदांनी ते ऊतीतच निर्माण केले जातात आणि त्यांच्या कोसळण्याने वाहिन्यांसकट सारी ऊतीच पातळ होते.

तोडणे आणि उघडणे या दोन टोकांमधले अंतर दाबाच्या मापात फार थोडे आहे, आणि तेही प्रत्येक रुग्णात सारखे राहत नाही. कवटीच्या किंवा पोटाच्या भिंतीच्या जाडीनुसार वाटेत ध्वनी किती शोषला जाईल, त्या क्षणी गाठीत किती बुडबुडे पोहोचले असतील, त्यांतील किती आधीच फुटले असतील, या कशाचाही यंत्रावरील आकड्यात पत्ता लागत नाही. म्हणून संशोधकांनी बुडबुड्यांनाच ऐकायला सुरुवात केली. स्थिरपणे गुंजणारा बुडबुडा मिळालेल्या वारंवारतेच्या निम्म्या, दीडपट किंवा अडीचपट स्वरातही उत्तर देतो. तो कोसळू लागला की हे निश्चित स्वर बुडून सर्व वारंवारतांचा सरमिसळ खरखराट उठतो. मेघन ओरायली आणि ह्यूनिनेन यांनी २०१२ मध्ये वर्णिलेल्या नियंत्रकात प्राण्यांच्या मेंदूवरील ध्वनीचा दाब स्पंदागणिक पायरीपायरीने वाढवला जातो, दीडपटीसारखे ते वरचे स्वर ऐकू येताच थांबवला जातो आणि त्या पातळीच्या ठरावीक हिश्शावर, उदाहरणार्थ निम्म्यावर, उतरवून उरलेला उपचार पुरा केला जातो. मात्रा कागदावर आधी ठरवून देण्याऐवजी बुडबुड्याच्या उत्तरावरून ठरवण्याची ही पद्धत कवटीच्या आत चांगली रुळली, कारण मेंदू जागचा हलत नाही. श्वासागणिक वरखाली सरकणाऱ्या यकृत आणि स्वादुपिंडाच्या गाठींमध्ये तोच खरखराट गाठीतून आला की शेजारच्या निरोगी वाहिनीतून, हे सांगण्यासाठी ध्वनीग्राहकांची पूर्ण रांग आणि बरेच गणित लागते, आणि त्या गणितावर सध्या काम चालू आहे.